लग्न ठरले की गोळ्या बंद

संपादक महोदय,

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि काही घरांत मनोविकाराच्या गोळ्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या घडीमागे जातो. सुपारी फुटलेली असते, पाहुण्यांची ये-जा वाढलेली असते. 'कुणी पाकीट बघितलं तर काय सांगायचं?' या काळजीपुढे आजार मागे पडतो. बायपोलर आजारात, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी येणाऱ्या विकारात, याचा फटका फार मोठा बसतो.

लिथियम हे या आजारावरचे औषध बंद केल्यावर आठवडाभरात ते बहुतेक शरीराबाहेर पडते, पण आजार लगेच उसळेलच असे नाही. कधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने माणूस ठीक दिसतो. 'बघा, गोळ्यांची गरजच नव्हती,' असे म्हणायला घरच्यांना तेवढे पुरते. मग हळद, वरात, जागरण-गोंधळ. सलग दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. या आजारात नुसती झोपमोडही भडक्याला पुरते. नवरदेव पहाटेपर्यंत बडबडतो, पैसे उधळतो, अडवले तर अंगावर धावून जातो. दोष येतो नव्या सुनेच्या पायगुणावर. तीच लक्षणे सुनेला दिसली, तर माहेरचे म्हणतात 'करणी केली' आणि सासरचे म्हणतात 'आम्हाला फसवलं'. आजार तोच, नाव मात्र भावकी ठरवते.

लपवण्याचा हा हिशेब कायद्यानेही अंगाशी येतो. महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत विवाह रद्द करून मागता येतो. उलट नुसते निदान झाले म्हणून लग्नाला मनाई नाही. संमतीच देता येणार नाही किंवा संसार आणि मूल झेपणार नाही इतका आजार असेल, किंवा वेडाचे झटके वारंवार येत असतील, तरच कायदा आड येतो.

लग्नाचे बोलणे सुरू झाले की पत्रिका छापण्याच्या चार-सहा महिने आधी डॉक्टरांच्या कानावर घालावे. मुलगी सोडियम व्हॅल्प्रोएट हे या आजारावरचे दुसरे औषध घेत असेल तर हे टाळूच नये. या औषधाने गर्भाच्या मणक्यात दोष राहू शकतो, आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. पाळी चुकल्याचे कळून डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती वेळ बरेचदा निघून गेलेली असते. म्हणून औषध बदलायचे ते आधी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. घरच्या घरी एकदम थांबवून नव्हे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडेही फार जोखमीचे. तेव्हा 'अंगावर पाजते' म्हणून परस्पर औषध बंद करू नये.

प्रत्यक्ष लग्नघरात रात्रीचा डोस ठरल्या वेळी गेला पाहिजे. तो मामाच्या नाहीतर बहिणीच्या जवळ ठेवावा. निदान सहा तास झोप हवी. वरातीतली दारू नकोच. वैशाखातले लग्न असेल तर आपल्या सोलापूरचा 42 अंशांचा पारा लिथियम घेणाऱ्यासाठी वेगळा धोका आहे. घामावाटे पाणी आणि मीठ गेले, त्यात उपवास किंवा जुलाब झाले, की रक्तातले लिथियम चढते. अंगदुखीवर घेतलेली ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळीही ते चढवते. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना झोकांड्या गेल्या, तर पुढचा डोस न देता थेट सिव्हिल गाठावे. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी करायची असते. लिथियमची पातळी साधारण 0.6 ते 1.0 (मिलीमोल प्रति लिटर) हवी. सकाळची गोळी घेऊन मग प्रयोगशाळेत गेले तर आकडा फसवा येतो, ही नेहमीची चूक.

एक विनंती आपल्या वृत्तपत्रालाही. घरे डबा लपवतात त्याला 'वेडसर इसमाचा धुडगूस' असल्या मथळ्यांचाही हातभार लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 24 नुसार उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. अशा बातमीखाली 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक छापावा. तिथे चोवीस तास मराठीतही बोलता येते.

– मनोविकार विभागात काम करणारा एक वाचक, सोलापूर