बॅरिस्टर अंतुलेसाहेब, आईच्या वतीने आभार

आदरणीय बॅरिस्टर अंतुलेसाहेब,
सादर नमस्कार.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं उलटली. आमची तुमची ओळख नव्हती, आईने तर तुम्हाला कधी पाहिलंही नाही. पण वडिलांच्या मागे आमचं घर ज्या पैशांनी सावरलं ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे होते, आणि ती योजना 1980 साली, तुम्ही महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना, तुमच्या सरकारने सुरू केली. हे आभार कधीतरी लिहायलाच हवे होते.

वडील गेले तेव्हा आई ऐन तिशीत होती. जमीन आजोबांच्या नावावर, पदरात आम्ही दोन मुली. तलाठ्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तहसील कचेरीतले हेलपाटे, आणि मग एकदाची मंजुरी. रक्कम तुटपुंजीच होती, कधी दोन-दोन महिने थकायचीही. पण ती आईच्या नावाने यायची. रॉकेलच्या पैशांसाठी दिरासमोर उभी राहणारी आई आणि स्वतःच्या पैशांतून आमच्या वह्या आणणारी आई, यांच्या बोलण्यातला फरक मी घरात राहून पाहिला आहे. काका वाईट नव्हते. तरीही आमच्या शाळेबद्दल आईला विचारून ठरायला लागलं ते त्यानंतरच. ताईचं लग्न सोळाव्या वर्षी उरकायची गोष्ट निघाली, तेव्हा आई ठामपणे नाही म्हणाली. त्याआधीच्या वर्षी ती तसं म्हणू शकली नसती, असं मला आजही वाटतं.

विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने अंथरूण धरलेले, आईबाप नसलेली मुलं. यांचा मोर्चा निघत नाही, यांच्या मतांची कोणी बेरीज मांडत नाही. अशांना दरमहा पैसे देणं सरकारचं काम आहे असं मानणारा मुख्यमंत्री आम्हाला मिळाला, आणि तो आमच्याच जिल्ह्यातला होता.

सावित्रीकाठच्या आंबेतचा मुलगा लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन येतो, 1962 साली विधानसभेत पोचतो आणि जून 1980 मध्ये महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होतो. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री म्हणून तुमची नोंद होते, आणि तुमच्यानंतर अजून दुसरा झालेला नाही. ही नोंद मला महत्त्वाची वाटते, पण तेवढ्यावर थांबणारे लोक तुमच्यावर अन्याय करतात. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव तुम्ही दिलंत. लंडनहून भवानी तलवार आणण्याचा ध्यास तुम्ही घेतलात. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे 1981 साली तुमच्याच कारकिर्दीत झाले. दूरच्या तालुक्यातल्या माणसाला कचेरी जवळ येणं म्हणजे काय, हे दाखल्यांसाठी एसटीचं भाडं जमवणाऱ्या बाईला विचारावं.

सिमेंटचं प्रकरण, म्हणजे बिल्डरांना सिमेंटचा कोटा देऊन त्याबदल्यात तुमच्या ट्रस्टसाठी देणग्या घेतल्याचा आरोप, मी विसरलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या विरोधात गेला आणि जानेवारी 1982 मध्ये तुम्हाला पद सोडावं लागलं. खटला पुढे वर्षानुवर्षं चालला. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपवणारा आपल्याच न्यायालयाचा आधीचा आदेश रद्द केला, आणि कायद्याची मुलं तो निकाल आजही अभ्यासतात. तुमच्यावर टीका करणाऱ्यांचा हक्क मला मान्य आहे. निधी गोळा करण्याची ती पद्धत मलाही पटत नाही. पण दोन वर्षंसुद्धा न टिकलेल्या मुख्यमंत्रिपदात तुम्ही जे उभं केलंत, ते तुमच्यामागून आलेल्या प्रत्येक सरकारला चालू ठेवावं लागलं, हेही तितकंच खरं आहे.

मी आता माध्यमिक शाळेत शिकवते. 2006 साली केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय निघालं आणि त्याचे पहिले मंत्री तुम्ही झालात. त्या मंत्रालयाच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचे अर्ज मी वर्गातल्या मुलांकडून भरून घेत आले. मुसलमान मच्छीमाराची मुलगी आणि बौद्धवाडीतला मुलगा एकाच बाकावर बसून एकच अर्ज भरायचे. त्यात तीस टक्के वाटा मुलींसाठी राखलेला होता. 2022 पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती बंद झाली आणि नववी-दहावीपुरतीच उरली, याचं मला फार वाईट वाटतं. पाचवी-सहावीतच गळणाऱ्या मुली मी पाहते. तुम्ही असता तर यावर संसदेत बोलला असता, असं मनात येतं.

आई आता थकली आहे. निराधारचे पैसे केव्हाच थांबले, कारण आम्ही दोघी कमावत्या झालो. ताई परिचारिका आहे. तुमच्या नावाने पत्र लिहिते आहे म्हटल्यावर आईने एकच निरोप दिला: "साहेबांना सांग, दोघी शिकल्या."

तुमची कृतज्ञ,
रायगड जिल्ह्यातली एक शिक्षिका