टेस्ट कुठली, तेही छापा

रविवारच्या पुरवणीतला 'डर्मटॉलॉजिकली टेस्टेड', म्हणजे त्वचेवर टेस्ट केलेल्या, क्रीमवरचा लेख पटला, पण एक महत्त्वाची गोष्ट राहिली. 2014 पासून आपल्याकडे कॉस्मेटिक्सची प्राण्यांवर टेस्ट करायला बंदी आहे, आणि ते योग्यच झालं, पण माणसाच्या पाठीवर 48 तास ठेवलेल्या एका पॅचमधून (क्रीम लावून चिकटवलेल्या पट्टीतून) फक्त जळजळ कळते, नवी अॅलर्जी नाही, कारण ती तयार व्हायलाच वेळ लागतो. त्यासाठी साधारण तीन आठवडे परत परत पॅच, मग दोनेक आठवडे गॅप आणि शेवटी पुन्हा पॅच लावून बघावं लागतं. मग डबीवर टेस्ट कुठली, किती जणांवर आणि किती दिवस हे छापायची सक्ती का नको? आणि पॅच लावून घेणाऱ्या व्हॉलंटियर्सना सही घ्यायच्या आधी त्यांच्या भाषेत स्पष्ट सांगा, अशी अॅलर्जी जडली तर बहुतेकदा जन्मभर राहते.

— एक वाचक, पुणे