पिल्लांना घर मिळतं, मांजरीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांमधल्या मांजरांच्या उपद्रवाबद्दल आपल्याकडे अधूनमधून वाचकांच्या तक्रारी छापून येतात. रात्रीचं रडणं, जिन्यातला उग्र वास, धुतलेल्या गाडीवर उमटलेले पंजे. तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यांवर सुचवले जाणारे उपाय दोनच असतात: मांजरं उचलून लांब कुठेतरी सोडा, नाहीतर त्या मांजरवाल्यांना फोन करा. मी त्या मांजरवाल्यांपैकी एक, म्हणून हे पत्र.

पुण्यात आमचा स्वयंसेवकांचा लहानसा गट आहे. कुणी नोकरी करतं, कुणी शिकतं, कुणी निवृत्त आहे. पगार कुणालाच नाही. लोक ज्याला आमचं 'शेल्टर' समजतात ते म्हणजे आमच्यातल्याच कुणाचं तरी जादाचं न्हाणीघर किंवा जाळी ठोकलेली गॅलरी. 

दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात, आणि सुमारे नऊ आठवड्यांनी व्यायला लागतात. त्यामुळे उन्हाळा सुरू झाला की पावसाळा सरेपर्यंत आमचे फोन थांबत नाहीत. "खोक्यात पिल्लं आहेत, लगेच घेऊन जा." आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आई कुठे आहे? बहुतेक वेळा ती जवळपासच असते. खायला गेलेली असते किंवा पिल्लांची जागा बदलत असते. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते हे आपल्या आज्या सांगायच्या; तीन पिल्लं हलवून चौथं न्यायला ती परतते तोवर कुणा दयाळू माणसाने ते उचललेलं असतं. पिल्लू गरम असेल, पोट भरलेलं असेल आणि गाडीखाली येण्याचा धोका नसेल, तर लांबून दोन-चार तास नजर ठेवावी. आई आली तर तिच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही.

ती खरंच नसेल तर काय करावं लागतं, तेही सांगते. नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम १०० ग्रॅमचं असतं. थंड पडलेलं असेल तर आधी ऊब द्यायची, दूध नंतर, कारण गार पिल्लाला दूध पचत नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात, म्हणून मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर लागते, आणि ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिले तीन आठवडे त्याला स्वतःहून शू-शी करता येत नाही. आई चाटून करवते, आम्ही कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने करवतो. एवढं करूनही सगळी जगत नाहीत. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथरोगाचा विषाणू एकदा घरात शिरला तर दोन-तीन दिवसांत अख्खी वेत जाऊ शकते. फरशीवर, टॉवेलवर तो महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लस न झालेलं पिल्लू त्या खोलीत बराच काळ ठेवता येत नाही. म्हणून "एकच तर आहे, घ्या ना" याला आम्ही नाही म्हणतो तेव्हा तो माज नसतो.

दत्तक देताना आम्ही फार चौकशी करतो, असाही आक्षेप आहे. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी आहे का? घरमालकाची हरकत नाही ना? सुट्टीत गावाला गेलात तर कोण बघणार? वेळ आल्यावर नसबंदी कराल ना? एका गृहस्थांनी वैतागून विचारलं, "मुलीसाठी स्थळ बघताय का?" आम्ही होच म्हटलं. मांजर कितीही चपळ असलं तरी कबुतरामागे आठव्या मजल्यावरून झेपावतं, आणि त्या पडण्यात जबडा, पाय, फुप्फुसं सगळं जाऊ शकतं. जाळीचा हट्ट त्यासाठी आहे. (नारिंगी पिल्लं आठवड्यात जातात, काळी महिनोन्‌महिने राहतात. आणि अमावास्येच्या तोंडावर कुणाला अचानक काळंच पिल्लू हवं झालं तर आम्ही सरळ नकार देतो.)

घरात बाळ येणार म्हणून मांजर परत करायला निघालेल्यांचे फोनही बरेच येतात. टोक्सोप्लाझ्मा म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणारा, पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा जंतू; त्याची भीती डॉक्टरांशी नीट बोललं की पुष्कळ कमी होते. विष्ठेतला तो जंतू संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस तरी जातो, त्यामुळे मांजराच्या शी-शूची माती घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज काढली तर धोका फार उरत नाही. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही हा संसर्ग होतो, पण त्यासाठी कुणी भाजीवाल्याला घराबाहेर काढत नाही.

पण मला मुख्यतः बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. दत्तक गेलेल्या पिल्लाच्या फोटोवर कौतुकाचा पाऊस पडतो, देणग्याही येतात. ज्या मांजरीची ती पिल्लं, ती मात्र त्याच पार्किंगमध्ये पुन्हा गाभण असते. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती परत माजावर येऊ शकते. वर्षात तीन वेती आणि प्रत्येकीत चार पिल्लं धरली तर एका मांजरीची बारा होतात, आणि त्यांतल्या माद्या चार-पाच महिन्यांत स्वतः आई होण्याजोग्या होतात. एवढी घरं कुठून आणायची? आमच्या कामाचा खरा भाग दत्तक देणं नाही, नसबंदी आहे. त्याचा फोटो काढण्यासारखा नसतो, म्हणून तो दिसत नाही.

नसबंदीसाठी मांजर पकडायचं काम रात्रीचं. आदल्या संध्याकाळपासून त्या मांजरीला उपाशी ठेवावं लागतं; भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, आणि भुकेशिवाय ती पिंजऱ्यात पाय टाकत नाही. पिंजऱ्याच्या टोकाला सुकट किंवा बांगड्याचा तुकडा ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचं. आधी हमखास भलताच बोका येतो. (येऊ दे, त्याचीही करायचीच असते.) दार पडलं की लगेच वरून चादर टाकायची, अंधार झाला की ती शांत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीतच डाव्या कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तीच मांजर पुन्हा पकडली जात नाही. बोका लवकर सुटतो, मांजरीला काही दिवस ठेवून मग मूळ जागी सोडायचं.

आणि इथेच भांडण होतं. "नेलीत ना, मग परत कशाला आणलीत?" कारण जागा रिकामी केली की शेजारच्या गल्लीतली मांजर तिथे येते; उंदीर आणि उघडा कचरा असेपर्यंत तिला कोण अडवणार? ती नसबंदी न झालेली असते, म्हणजे सगळं पहिल्यापासून सुरू. नसबंदी झालेली मांजर जागा धरून राहते आणि माजावर येत नाही. ज्या रात्रीच्या रडण्याची आणि वासाची तक्रार असते, त्यातलं बरंचसं माजाचं आणि बोक्यांच्या मारामारीचंच असतं.

मांजर उचलून लांब कुठेतरी वाऱ्यावर सोडणं हा तर कायद्याने गुन्हा आहे. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त ५० रुपये आहे. पोत्यात भरून मांजर लांब सोडायला जाणाऱ्याचं रिक्षाभाडंच याहून जास्त होतं, तेव्हा या दंडाचा धाक कुणाला वाटणार? माझी भिस्त महापालिकांवर आहे. २००१ चे जन्म नियंत्रण नियम फक्त कुत्र्यांसाठी होते. २०२३ मध्ये त्यांची जागा 'प्राणी जन्म नियंत्रण नियमां'नी घेतली. पुण्यात २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णयही झाला. नोंदणी हवीच, पण नसबंदीचा दाखला आणणाऱ्याला तिचं शुल्क माफ करावं. भटक्या मांजरांची शस्त्रक्रिया कुठे आणि कोणत्या वारी होते, याचं वेळापत्रक क्षेत्रीय कार्यालयांत आणि वर्तमानपत्रांत लावावं. तसं झालं तर पिंजरा लावून मांजर नेऊन आणायला आमच्यासारखे गट बहुतेक भागांत तयार होतील.

सोसायट्यांच्या समित्यांकडे मागणं त्याहून लहान आहे. रखवालदाराला सांगून एक रात्र पार्किंगमध्ये पिंजरा लावू द्या आणि त्या संध्याकाळी कुणी मांजरांना खायला घालणार नाही अशी सूचना फलकावर लावा. कान कापलेली मांजर चार-पाच दिवसांनी परत दिसली तर पुन्हा हाकलू नका.

आपली,
एक स्वयंसेविका, पुणे