शाळेच्या तपासणीत बीपी का नाही?

महोदय,

रविवारच्या अंकातला मुलांच्या ब्लड प्रेशरवरचा लेख वाचला, पटला, पण त्यात शाळेचा विषयच आला नाही म्हणून लिहितेय.

माझी मुलगी सातवीत आहे, फोंड्याला. दरवर्षी शाळेत तपासणी होते, वजन, उंची, दात, डोळे सगळं बघतात, कार्ड घरी येतं, पण त्यात बीपीचा रकानाच नाही. गेल्या महिन्यात तापासाठी दवाखान्यात नेलं तेव्हा मी मुद्दाम बीपी बघायला सांगितलं, तर मोठ्या माणसांचा पट्टा तिच्या काडीसारख्या दंडाभोवती दोन वेढे बसला, आणि पट्टा असा मोठा झाला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

फिनलंडमध्ये १९८० साली ३ ते १८ वयाच्या साडेतीन हजारांवर मुलांची तपासणी झाली, २००१ मध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मानेतल्या धमन्या सोनोग्राफीने बघितल्या, तर किशोरवयात ज्यांच्या बीपीचा वरचा आकडा जास्त होता त्यांच्या धमन्यांच्या भिंती जाड निघाल्या, आणि ही पुढच्या हृदयविकाराची खूण असते. पण मोठेपणापर्यंत बीपी नॉर्मलवर आलं तर हा धोका बराच उतरतो, हेही नंतरच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे वेळ हातात असते, फक्त कळायला हवं ना!

आपल्याकडे पेजेसोबत खारं, जेवणात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि मधल्या सुट्टीत वेफर्स, बीपी वाढवणारं मीठ कुठेच कमी पडत नाही. शिक्षण आणि आरोग्य खात्याने येत्या वर्षापासून कार्डावर हा एक रकाना घालावा आणि तपासणीच्या पथकाला लहान मापाचे पट्टे द्यावेत.

– एक आई, फोंडा