नाण्यावरचा फेर आणि आपले शनवार तेली

संपादक साहेब, नमस्कार

रविवारच्या पुरवणीत जुन्या परदेशी नाण्यांवर जे पान आलं होतं ते वाचलं. फोटो झकास होते, माहितीपण बरी होती, पण इस्रायलचं १९५९ चं चांदीचं पाच लिराचं नाणं तुम्ही दोन ओळींत उरकलंत आणि त्या दोन ओळींतही सगळा भर चांदीला आज भाव काय मिळेल यावरच. आता तो हिशोब कुठलाही सराफ बसल्याजागी करून देईल, नाणं २५ ग्रॅमचं, चांदी ९० टक्के, म्हणजे साडेबावीस ग्रॅम चांदी आणि बाकी भेसळ, झालं. पण मराठी पेपरात या नाण्याबद्दल लिहायचं तर त्यात आपल्या कोकणातली माणसं, म्हणजे इथले ज्यू, बेने इस्रायल, आहेत हे कुठेतरी यायला नको का?

नाण्यावर आहे काय तर गोल फेर धरून नाचणारी माणसं, आणि विषय आहे जगभर पांगलेल्या ज्यूंचं परत एकत्र येणं. आदल्या वर्षी, म्हणजे देशाला दहा वर्षं झाली तेव्हा, मेनोरा म्हणजे सात फाट्यांची समई असलेलं नाणं काढलं होतं आणि १९६० ला हर्झलच्या, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश हवा ही झायनिस्ट चळवळ उभी करणाऱ्याच्या, जन्मशताब्दीचं. तिन्ही सारख्याच मापाची, ३४ मिलिमीटर. हर्झलने १८९७ मधे बाझलला पहिली झायनिस्ट काँग्रेस भरवली, १९४८ च्या मे महिन्यात पहिले पंतप्रधान झालेल्या बेन-गुरियनने तेल अवीवला देशाची घोषणा वाचली ती त्याच हर्झलच्या फोटोखाली उभं राहून, आणि पुढच्या साडेतीनेक वर्षांत बाहेरून एवढे लोक आले की तिथली ज्यू लोकसंख्या डबल झाली. येमेन, इराक, रोमानिया, पोलंड, मोरोक्को, कुठून कुठून. राहायला घरं नाहीत, तंबूत आणि पत्र्याच्या खोपट्यांत दिवस काढलेत लोकांनी, रेशनिंग होतं. तेव्हा अशा देशाने त्यावर नाणं काढलं तर त्यात खोटं काही नाही, अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट होती ती.

पण त्या फेरात आपले बेने इस्रायलही होते ना. अलिबाग, पेण, रोहा, नवगाव या पट्ट्यातले, तेलाचा धंदा करणारे पण शनिवारी, ज्यूंच्या सुट्टीच्या वारी, घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने शनवार तेली नाव ठेवलेले, पेणकर रोहेकर दिवेकर अशी आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे आणि नवस फेडायला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा करणारे. भारताच्या स्वातंत्र्याच्या सुमारास हे इकडे वीसेक हजार असतील. इथे त्यांना ज्यू म्हणून कधी कोणी त्रास दिला नाही, हे ते स्वतःच सांगतात. तरी गेले, कारण श्रद्धा होती, आणि थोडं पोटापाण्याचंही होतं, इंग्रज गेल्यावर रेल्वे आणि सरकारी नोकऱ्यांत आपलं काय होणार ही धाकधूक.

आणि तिथे गेल्यावर काय झालं? १९५१ मधे दक्षिण इस्रायलमधल्या बीरशेबाकडच्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून, तक्रार रंगावरून होणाऱ्या दुजाभावाची होती. १९५२ ला त्यातले शंभरावर लोक खरंच परत आले, पुढे बरेचसे पुन्हा गेलेही ते वेगळं. त्यानंतर नाणं निघालं, आणि नाणं निघून तीन वर्षं होतात न होतात तोच तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायलांपैकी कोणाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर आधी मागच्या पिढ्यांची चौकशी करा. म्हणजे नाण्यावर या या म्हणायचं आणि दारात उभं करून कुळ विचारायचं!! या लोकांनी ते निमूट सोसलं नाही, जेरुसलेमला ज्यू एजन्सीसमोर, म्हणजे बाहेरच्या ज्यूंना तिकडे आणून वसवणाऱ्या संस्थेसमोर, बायकामुलांसकट धरणं धरलं आणि शेवटी ऑगस्ट १९६४ मधे क्नेसेटमधे, म्हणजे त्यांच्या संसदेत, पंतप्रधान लेवी एश्कोल यांना सांगावं लागलं की बेने इस्रायल हे सगळ्या बाबतीत इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत. त्याच महिन्यात धर्मपीठाने फर्मानातून बेने इस्रायलांचं नाव काढलं.

माझ्या मते हा लढा त्या नाण्याइतकाच मोठा आहे आणि तो मराठी बोलणाऱ्या माणसांनी लढलाय, तरी आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? आपण नुसतं कौतुक करतो की तिकडे दिमोना अश्दोदला लोक अजून मराठी बोलतात, महाराष्ट्र दिन करतात, आणि विषय संपवतो. मुलाखतीतही पुरणपोळी करता का एवढंच विचारतात.

तर विनंती एवढीच की या विषयावर एक पूर्ण पान करा. अलिबागला इस्रायल आळी अजून आहे, सिनेगॉग म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, नवगावला त्यांचं जुनं कब्रस्तान आहे. १९५० ते ६४ च्या काळात तिकडे असलेली आणि आता ऐंशी नव्वदीत असलेली माणसं फोनवर सहज बोलतील, तेही मराठीत, त्यांच्याशी जो काय पत्रव्यवहार झाला तो इकडच्या नातेवाईकांच्या ट्रंकेत असू शकतो. तुमच्या रायगडच्या वार्ताहराला तेवढं सांगा. आणि नाण्याचा फोटो परत छापलात तर नाचणाऱ्यांची बाजू छापा, मागच्या वेळी नुसती किंमत लिहिलेली बाजू छापली होती.

आपला,
एक नाणी जमवणारा वाचक, अलिबाग