मिसळणाच्या डब्याचे झाकण

भांडुप, मुंबई

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल, कारण फोन तर रोजच होतो. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होतात, आणि मला जे सांगायचे आहे ते दोघांनीही ऐकावे असे आहे.

डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी या सत्रात मिसळणाचा डबा नव्याने घडवायला दिला होता. एका विद्यार्थिनीने फार देखणा डबा करून आणला. पितळी, षट्कोनी, सात वाट्या मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींना बिलगलेल्या, आणि झाकण इतके घट्ट की हवा आत शिरू नये. परीक्षक खूश झाले. मी तिला एवढेच विचारले की, तेल तापलेले असताना हा डबा एका हाताने कसा उघडायचा? ती गप्प राहिली, कारण तिने आजवर एकदाही फोडणी केलेली नव्हती.

म्हणून पुढच्या शनिवारी सगळ्यांना घरी बोलावले आणि आमटी करायला लावली. माझ्या स्वयंपाकघरात तिघे उभे राहिले की चौथ्याला दारात थांबावे लागते, त्यामुळे पाळ्या लावल्या. पहिल्याने तेल तापण्याआधीच मोहरी टाकली आणि ती तडतडेना, म्हणून तो पाहत बसला. दुसऱ्याने तेलातून धूर येईपर्यंत वाट पाहिली आणि हिंग-हळद पडताक्षणी काळी झाली. शेजारच्या काकूंनी खोकत दार लावून घेतले. मोहरी तडतडल्यापासून हळद करपेपर्यंत हातात जे चार क्षण असतात, त्यांत डावा हात कढईच्या कानाला गुंतलेला असतो आणि उजव्याने पुढची वाटी न बघता सापडावी लागते, हे मी वर्गात फळ्यावर कितीही वेळा लिहिले असते तरी त्या करपलेल्या वासाइतके पटले नसते. त्या मुलीने तिथेच, ओट्यावर वही ठेवून, वाट्यांची जागा बदलली. मधली वाटी हळदीला द्यावी की मोहरीला, यावर दोघांचा बराच वाद झाला आणि तो मला फार आवडला.

आई, त्या वेळी मला तुझी बोटे आठवली. दिवाळीत तू डब्याचे झाकण उलथन्याच्या दांड्याने ठोकून सैल करत होतीस, आणि बाबा, तुम्ही एक शब्द न बोलता कानस आणून झाकणाच्या कडेला अंगठ्यापुरती खाच पाडलीत. ‘एवढा चांगला डबा बिघडवला, आता मसाल्याला हवा लागेल,’ असे मी म्हणालो होतो. त्यावर आईने सांगितले की, वर्षाचा मसाला बरणीत असतो, डब्यातला आठ दिवसांत संपतो, त्याला कसली हवा लागते? इतकी वर्षे मी घट्ट बसणारे झाकण म्हणजे चांगले काम असे शिकवत आलो. ती खाच मी आता वर्गात काढून दाखवतो.

यावर एका हुशार मुलाने मला चांगलेच पकडले. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते आजच्या ओटा-कपाटवाल्या स्वयंपाकघरांचे मूळ मानले जाते, आणि आपण तोवर कधी संसार किंवा स्वयंपाक केला नव्हता, असे त्या स्वतःच सांगत. मग आम्हालाच आमटी कशाला, असा त्याचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण त्यांनी आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर नीट पाहिले होते, बाईची पावले मोजली होती आणि पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचे खण ओकच्या लाकडाचे केले होते. स्वयंपाक येत नसेल तर तो इतक्या बारकाईने पाहावा तरी लागतो. मात्र १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी ती खोली एकाच बाईच्या हालचालींवर बेतलेली होती. आपल्याकडे चतुर्थीला नारळ खोवणारी, उकड मळणारी आणि कळ्या पाडणारी अशा तिघी-चौघी एकत्र बसतात. त्यांची पावले तिथे मोजलेलीच नाहीत.

उकडीवरून आठवले. मुलांना मोदक शिकवताना मी पिठाला बरोबरीने पाणी घेतले आणि उकड हाताला चिकटू लागली. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, हे तू सांगितले होतेस. मी पिठाला हात न लावताच माप धरून बसलो.

गणपतीला येताना त्या मुलीचा सुधारलेला डबा आणतो. आई, तो तू सकाळी उघडून पाहा, बोटे आखडलेली असतात तेव्हा, आणि तिची भीड न ठेवता काय ते सांग. बाबा, कानस हाताशी असू द्या.

तुमचा,
बाळू