आधी हार्ड डिस्क आणा

मँचेस्टर

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, कुलवृत्तांत पणजोबांच्या पिढीपर्यंत आला हे कळलं, फार आनंद झाला. पण ते सगळं काम, मोडी कागदांच्या स्कॅनसकट, एकाच कॉम्प्युटरवर आहे असं दादा म्हणाला आणि माझा जीव खालीवर झाला. तपकीर गल्लीकडे जाणं झालं की बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आणा. दर रविवारी तिच्यावर सगळं कॉपी करायचं आणि लगेच ती काढून कपाटात ठेवायची. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस असतात, ते जोडून ठेवलेली डिस्कही सोडत नाहीत.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच व्हायरसने इथल्या सरकारी हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर बंद पाडले, ठरलेली ऑपरेशनं रद्द झाली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! त्यामुळे अपडेटचं विचारलं की 'नंतर' दाबू नका. आपल्याकडे अजून विंडोज १० आहे, आणि तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर चालतोय खरा, पण नव्याने सापडणाऱ्या फटी आता आपोआप बुजणार नाहीत. त्यावर विंडोज ११ चालेल का ते दादाला बघू दे. नसेल चालत तर नवा घ्या. पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको.

पासवर्ड वहीत लिहिता त्याला माझी हरकत नाही. दूर कुठेतरी बसलेल्या चोराला आपलं कपाट उघडता येत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड मात्र नको. एका साइटवरून फुटला की चोर तोच ईमेलला लावून बघतात, आणि ईमेल हाती आलं की बाकीचे पासवर्ड बदलता येतात. ईमेलला वेगळा, लांबलचक ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री पटवावी लागते.

आई, आता लग्नसराई. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पत्रिकेच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, अॅप आहे. तुझे एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा, ते चोराकडे पोचवू शकतं. पाठवणारी मावशी असली तरी उघडू नकोस, तिचाच मोबाइल आधी फसलेला असेल. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. 'आज रात्री वीज तोडणार' असा महावितरणच्या नावाने मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नकोस.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करणाऱ्यांची. ते म्हणतात तसं 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असं आपल्या कायद्यात काही नाही. 'फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका' असं कुणी म्हणालं की त्याच क्षणी फोन ठेवायचा. तू राँग नंबरशीसुद्धा आपुलकीने बोलतेस, समोरच्याचं बोलणं तोडणं तुला जड जाईल. तरी तोड.

आणि पैसे गेलेच तर लाज धरून बसू नका. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. मग मला, कितीही रात्र असो. मी रागावणार नाही.

डिस्क आणलीत की कळवा. पहिली कॉपी व्हिडिओ कॉलवर मिळून करू.

तुमची लेक